अप्पांचा हात

ता. १४, मंगळवार, दुपारी

ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. हिचा खोकला गेला, दुकानातला गळका नळ एकदाचा बदलला, आणि बबडीने तिच्या खुर्चीसमोर नवा आरसा लावून घेतला. त्यात गिऱ्हाइकं आहेत त्याहून तरुण दिसतात, त्यामुळे गर्दी सगळी तिच्याकडे. लेक बापाच्या पोटावर पाय देणार, असं मी येईल त्याला सांगतो आणि मनातल्या मनात फुगतो.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, पण त्याचा दुखण्याशी काही संबंध नाही. ते शाळेपासून असंच आहे.

बघ, दुखण्याचा विषय निघालाच. तर सांगून टाकतो. माझ्या उजव्या हाताचं ऑपरेशन करावं लागेल म्हणतात. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. ताई, मी फार घाबरलोय.

अप्पांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आठवतं ना? तळहाताकडे वळलेली, कधीच सरळ न होणारी. आपल्या घरात त्याचं केवढं कौतुक! जन्मभर कात्री-वस्तरा धरून हाताला धंद्याचा आकार आला, असं अप्पा सांगायचे, आणि आपण मान डोलवायचो. तू तर लहानपणी तशीच बोटं वळवून माझे केस कापायचं नाटक करायचीस.

त्यामुळे माझ्या तळहातावर गाठ आली, तेव्हा मला आनंद झाला. खरंच सांगतो, आनंद! वाटाण्याएवढी, टणक, अजिबात न दुखणारी. मी ती बेकरीवाल्याला दाखवली, त्याने पाठ थोपटली. ‘आता खरा अप्पांचा मुलगा शोभतोस,’ म्हणाला. पुढे गाठीजवळची कातडी आत ओढली गेली, मग कातडीखाली दोरीसारखं काहीतरी ताठ उभं राहिलं, आणि ती दोरी एकेक बोट खाली खेचू लागली. मी आपला मिरवतोय.

मिरवणं कमी झालं ते हात खिशात जाईना तेव्हा. तोंड धुताना स्वतःचंच बोट डोळ्यात जायचं. ही म्हणाली, डॉक्टरांना दाखवा. मी तेल चोळत बसलो.

मग गेल्या आठवड्यात, पोस्टातून निवृत्त झालेले ते उंच गृहस्थ दाढीला बसले होते. डोळे मिटलेले, मान मागे. माझं वळलेलं बोट त्यांच्या गळ्याभोवतीच्या कापडात अडकलं, मी हात ओढला आणि वस्तरा सरकला. कानाखाली बारीकशी चीर. रक्त थोडंच आलं. ते बिचारे म्हणाले, “डास चावला वाटतं.” मी हसलो आणि तुरटी लावली. तिथून दोन बोटं खाली गळ्याची मोठी नस आहे, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? तेव्हापासून मी दाढीला हात लावलेला नाही. डोळ्यांना नीट दिसत नाही, असं खोटं सांगून सगळ्या दाढ्या बबडीकडे पाठवतो.

शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या धाकट्या मेहुणीच्या वयाच्या. म्हणाल्या, “काका, तळहात टेबलावर सपाट ठेवा.” ठेवता येईना. खालून दोऱ्याचं रीळ घरंगळत गेलं असतं. इतक्या सोप्या परीक्षेत मीच नापास झालो असेन.

मी विचारलं, “कात्रीने झालं ना?”

“कात्रीचा काही दोष नाही, काका. कातडीखालचा पडदा जाड होतो आणि आकसतो. बहुतेक वेळा हे घराण्यातूनच येतं. साखर, सिगारेट असली की आणखी जोर धरतं. तुमच्या वडिलांना होतं का?”

मी मान डोलावली. आपण ज्याची आरती ओवाळली, तो आजार होता, ताई. तूही हात टेबलावर ठेवून बघ. लगेच ठेव, नंतर बघू म्हणू नकोस.

आधी आलो असतो तर सुईने ती दोरी तोडून भागलं असतं, म्हणाल्या. आता बोटाचा सांधाही आखडलाय, तेव्हा कापावंच लागेल. हात तेवढा बधिर करतात, माणूस जागाच. नंतर कित्येक महिने बोटांचे व्यायाम, रात्री पट्टी बांधून झोपायचं. एवढं करून बोट पुरतं सरळ होईलच असं नाही, आणि रोग परतही येऊ शकतो. शिवाय संवेदनेची नस त्या दोरीला चिकटलेली असू शकते. तिला धक्का लागला तर बोट बधिर. धोका थोडा आहे, म्हणाल्या, पण आहे. बधिर बोटाने वस्तरा कसा धरतात, हे त्यांना विचारायचं राहिलं. आयुष्यभर लोकांनी डोळे मिटून मान माझ्या हाती दिली, आणि मला एक तळहात द्यायचा म्हटलं तर पाचावर धारण बसते.

इथपर्यंत लिहून उठलो, चहा घेतला, दोन गिऱ्हाइकं केली. पण जे लिहायला बसलो होतो, ते अजून लिहिलेलंच नाही.

काल दुकान उघडताना बबडी माझ्यासमोर उजवा हात पसरून उभी राहिली. करंगळीशेजारच्या बोटाखाली गाठ. केवढी खुशीत होती! म्हणाली, “बाबा, बघा! मलाही आला अप्पांचा हात. इतक्या लवकर!”

मी म्हणालो, “वा, छान.” ताई, मी छान म्हणालो.

तेव्हापासून माझ्या हाताची भीती मागेच पडली. भीती वेगळीच आहे. मी ऑपरेशन केलं आणि हात निकामी झाला, तर ती जन्मात डॉक्टरांच्या पायरीवर चढणार नाही. आणि नाहीच केलं, तर माझ्यासारखीच मिरवत बसेल, बोट तळहातात रुतेपर्यंत. माझा हात बघूनच ती तिचं ठरवणार.

म्हणून मी हो म्हणणार आहे. धीर आलाय असं समजू नकोस, लिहितानाही घाम फुटलाय. तू ये. तिला तू काही सांगू नकोस, ते माझं काम. तू नुसती शेजारी बस.

नाही, तू येईपर्यंत थांबलो तर मी पुन्हा तेल चोळत बसेन. आत्ताच तिला हाक मारली. हातातली दाढी पुरी करून येते म्हणाली. फेस पुसतेय, आरशात दिसतेय मला. आली बघ.

तुझा,
आता तिला सांगणारा,
भाऊ