सुमनबाई आता फक्त गोरक्षकडे

सिडको, नाशिक
बुधवार, १४ मे २००३

ती. रावजीदादा यांचे सेवेशी,

आपला (अजून तरी) जावई गोरक्ष याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? टोमॅटोला यंदा भाव मिळाला का? सासूबाईंची म्हैस लाथ मारायची थांबली का? (ही चौकशी अगदी मनापासून आहे. ती लाथ मलाच बसली होती आणि त्या दिवशी तुमच्या घरातली सगळी माणसं म्हशीच्या बाजूने बोलली होती, हे मी विसरलेलो नाही.) तुम्हाला फोन करायचा चार वेळा प्रयत्न केला. चारही वेळा मोहिनीने उचलला, माझा आवाज ऐकून "राँग नंबर" म्हणाली आणि ठेवला. चौथ्या वेळी तर मी काही बोललोही नव्हतो. म्हणून हे पत्र. वणीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे, दुपारपर्यंत पोचावं.

मोहिनीने तुम्हाला काय सांगितलं असेल याची कल्पना आहे. पण तिने सांगितलं ते निम्मंच असणार, कारण खरी सुरुवात सिडकोत झालीच नाही, ती अमेरिकेत झाली. माझा जो काही दोष असेल तो नंतरचा. तुम्ही पंचमंडळींतले माणूस आहात, तेव्हा आधी पूर्ण ऐकून घ्या.

तुम्हाला ठाऊक आहे, पाच वर्षांपूर्वी अंबडच्या कंपनीने मला आणि हिरामणला एकाच दिवशी स्वेच्छेने निवृत्त केलं. (स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती आमची.) त्या पैशांत मी चार जपानी मशीन घेऊन व्हिडिओ गेमचं पार्लर टाकलं. उद्घाटनाला तुम्ही आला होता आणि नारळ थेट मशीनवरच फोडायला निघाला होता, तो मोहिनीने वेळेवर धरला. समोरच्याच गाळ्यात हिरामणने झेरॉक्स टाकलं. पाच वर्षं सगळं बरं चाललं होतं. आमच्याकडे सगळ्यात चालायचा तो एक बोकडाचा गेम. इंग्लंडातल्या एका कंपनीने केलेला. एक बोकड असतो, तो शिंगं मारत मारत चोरांना गावाबाहेर काढतो. वाचायला खुळचट वाटेल, पण सिडकोतली निम्मी पोरं या बोकडावर मोठी झाली. त्याचे दोन भाग येऊन गेले होते आणि तिसऱ्याची वाट लोक अशी बघत होते, जशी तुम्ही कर्जमाफीची बघता.

एक दिवस रोहित आला (हा पॉलिटेक्निकला आहे, तिसऱ्या वर्षाला आहे, तीन वर्षांपासून तिसऱ्याच वर्षाला आहे) आणि सायबर कॅफेतून बातमी घेऊन आला, की ज्या अमेरिकन कंपनीने स्वतःचं नवं मशीन काढलंय, तिने बोकडवाली कंपनीच विकत घेतली. आता तिसरा भाग फक्त अमेरिकन मशीनवर लागणार. जपानी मशीनवाल्यांनी बोकडाचं नाव काढायचं नाही. तुम्हाला सोपं करून सांगतो. समजा, वणीत एक नामांकित आचारी आहे. तो कुणाच्याही लग्नात जातो, ज्याची कढई असेल त्यात बुंदी पाडतो. उद्या एका कढईवाल्याने तो आचारीच विकत घेतला आणि सांगितलं, याची बुंदी खायची तर माझीच कढई घ्या. बुंदी तीच, आचारी तोच, तुमच्या घरातली कढईही शाबूत. पण तुम्ही उपाशी. याला एक्सक्लुझिव्ह म्हणतात. फार मोठा शोध लागल्यासारखं रोहित ते सांगत होता. आपल्याकडचे दुकानदार बापजाद्यांपासून "आमची कोठेही शाखा नाही" असं लिहून गिऱ्हाइकाला हेच ऐकवत आले, त्यांचं कुणी सायबर कॅफेत छापलं नाही.

मग गल्लीत वाद पेटला. रोहितचं म्हणणं, ज्याने पैसे मोजले त्याचा माल, रडायचं काय त्यात. माझं म्हणणं, हा सरळ सरळ अन्याय आहे, खेळणाऱ्यावर आणि बोकडावरही. मी हक्क, न्याय, ग्राहक वगैरे बरंच बोललो. (माझ्याकडच्या सगळ्या सीड्या मुंबईच्या फुटपाथवरच्या आहेत आणि त्यांवर बोकडाचं नाव बॉलपेनने लिहिलेलं आहे, ही गोष्ट त्या वेळी कुणी काढली नाही, म्हणून मीही काढली नाही.) शेवटी सुमनबाईंनी तोंड घातलं. सुमनबाई म्हणजे आमच्या आणि हिरामणच्या गाळ्यांच्या मधोमध पाववड्याची गाडी लावतात त्या. वय साठच्या पुढे, नातवंडं पाच. कढईत पाव सोडत म्हणाल्या, "लेक दिली म्हून काय ती म्हायेरी येत नाय का? दिवाळीला तरी धाडा म्हणावं त्या बोकडाला." सगळ्या वादात हे एकच शहाणपणाचं वाक्य होतं, त्यामुळे त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

वाद संपायच्या आत हिरामणने झेरॉक्स मशीन विकलं, दुबईच्या मेहुण्याकडून दोन अमेरिकन मशीन मागवली आणि बाहेर फळा लावला, "बोकड भाग ३, फक्त येथे". ज्याच्याबरोबर बारा वर्षं एका डब्यात जेवलो तो माणूस! मी विचारलं, तर म्हणतो कसा, "गोरख, धंद्यात भावकी आणू नको." माझी पोरं एकेक करून रस्ता ओलांडू लागली. रस्ता वीस फुटांचा, पण मला तो समुद्रासारखा वाटायला लागला होता.

आता तुम्हीच सांगा, अमेरिकेने केलं तर व्यवहार आणि गोरक्षने केलं तर येडेपणा, हा कुठला न्याय? मी विचार केला, माणूस खेळतो कशावर? पोटावर. दोन्हीकडची पोरं खातात कुणाचं? सुमनबाईंचं. झालं, मी सुमनबाई ताब्यात घेतल्या. म्हणजे गाडी माझ्या ओट्यावर, पत्र्याची सावली माझी, पाण्याचा पिंप माझा, आणि पाववडा फक्त त्यालाच जो माझ्याकडे खेळेल. हिरामणच्या गिऱ्हाइकाला तळलेली मिरचीसुद्धा द्यायची नाही. सुमनबाई म्हणाल्या, "मला काय, सावली तर मिळती." जगात कुठलीही कंपनी इतक्या स्वस्तात आणि इतक्या लवकर विकली गेली नसेल. मोहिनी मात्र म्हणाली, तुम्ही काल ज्याला अन्याय म्हणत होतात तोच आज करताय. मी म्हणालो, काल मी गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलत होतो, आज मालकाच्या बाजूने बोलतोय. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा सावध व्हायला हवं, हे तुम्ही लग्नात सांगायला हवं होतं.

आता बोर्डाकडे येतो. फळ्याला उत्तर फळ्याने द्यायचं, म्हणून यादव पेंटरकडे गेलो. मजकूर नेला होता असा: "सुमनबाईंचे प्रसिद्ध पाववडे आता फक्त गोरक्ष गेम पार्लरमध्येच मिळतील". यादव अक्षरावर पैसे घेतो आणि सिंहस्थ तोंडावर आल्यामुळे नाशकातल्या पेंटरांचे अक्षराचे भाव सोन्यासारखे झालेत. मी तिथेच उभ्याउभ्या काटछाट सुरू केली. प्रसिद्ध, हे सगळ्यांना माहीत आहे, काढा. पाववडे, सुमनबाई म्हटल्यावर दुसरं काय असणार, काढा. गेम पार्लर, गोरक्ष म्हटलं की कळतंच, काढा. मिळतील, हे उगाच. अशा रीतीने मोठी बचत करून मी घरी आलो.

यादवची काही चूक नाही. मे महिना, लग्नसराई, बिचारा दिवसभर घरांच्या भिंतींवर नवरा-नवरीची नावं रंगवत फिरतो. एक बाईचं नाव, एक पुरुषाचं नाव, मध्ये "आता फक्त". त्याने त्याच्या समजुतीने काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्लरवर चार फुटी बोर्ड लागलेला. वर "॥ श्री गणेशाय नमः ॥", खाली लाल अक्षरांत "सुमनबाई आता फक्त गोरक्षकडे", आणि दोन्ही बाजूंना चोचीत चोच घालणारे दोन पोपट. पोपटांचे पैसे त्याने घेतले नाहीत. जागा मोकळी दिसत होती म्हणून माझ्याकडून आहेर, असं म्हणाला.

दहा वाजेपर्यंत सगळं सिडको येऊन बघून गेलं. हिरामणने स्वतःची मशीन बंद ठेवून खुर्ची बाहेर टाकली. सुमनबाई आल्या, वाचता येत नाही म्हणून रोहितकडून वाचून घेतलं आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की तेल करपलं. "आवं भाऊ, आमचे हे व्हते तवा त्यांनी कधी माझं नाव काढलं नाय, तुम्ही ह्या वयात लय कीर्ती केली माझी!" मला वाटलं, बाई स्वतः हसते आहे म्हणजे प्रकरण मिटलं.

मोहिनीने बोर्ड वाचला. दादा, ती चिडली नाही. संशय वगैरे तर नाहीच, एवढी अक्कल तिला आहे (तुमच्याच घरातली आहे, तरीही). ती एवढंच म्हणाली, "साठीच्या बाईचं नाव तुम्ही एका दिवसात बोर्डावर लावलं. मी पाच वर्षं हे पार्लर चालवते. माझं नाव कुठंय?" मी म्हणालो, अगं, त्याचे पैसे वाढले असते. हे वाक्य मी परत घ्यायला तयार आहे, असं तिला सांगावं. त्यानंतर तिने पिशवी भरली आणि अकराची गाडी पकडली.

आज नववा दिवस. ओट्यावर कालपर्यंत सुमनबाई होत्या, पाववडे होते. आता चार मशीन आहेत, आणि मी आहे. पोरं येतात, आत डोकावतात, "काकू आल्या का?" विचारतात आणि जातात. मला पहिल्यांदा वाटलं, हिरामणकडे जात असतील. तिकडे बघितलं तर तोही एकटाच बसलेला. मग रोहितने सांगितलं. दुसऱ्या भागात सातव्या पायरीला एक विहीर आहे, तिथे बोकड नेहमी मरतो. ती विहीर ओलांडायची कशी हे सिडकोत फक्त मोहिनीला येतं. पोरं अडली की ती भाकरीच्या पिठाचे हात पुसून यायची, उभ्यानेच खेळून द्यायची आणि परत चुलीकडे जायची. तिसऱ्या भागातल्या तीन विहिरींची युक्तीही तीच सांगायची म्हणे, हिरामणकडचं गिऱ्हाईक येऊन विचारायचं आणि ती सांगायची. नवऱ्याचं दुकान, शेजाऱ्याचं दुकान असा भेद न करता! मी अकरा वर्षं तिच्याबरोबर राहतो आणि मला वाटत होतं, ती मशीनवर फडकं मारायला आत जाते. घरी गेल्यावर मला फार एकटं वाटतं, दादा. हे चेष्टेत लिहिलेलं नाही.

वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, म्हशीस योग्य ते.

आपला,
गोरक्ष

ता. क. १: मोहिनीला पाठवून द्या, हे लिहायचं राहिलंच. बाकीचं पत्र वेळ नसेल तर वाचलं नाही तरी चालेल.

ता. क. २: पोपटांचा बोर्ड काल उतरवला. सुमनबाई नाराज झाल्या आणि गाडी परत रस्त्याच्या मधोमध घेऊन गेल्या. आता दोन्हीकडची पोरं पाववडा खातात. माझी एक्सक्लुझिव्ह मालकी संपली, कुणाचं काही बिघडलं नाही.

ता. क. ३: हे मात्र गुप्त. हिरामण सकाळी येऊन गोड बोलून विचारत होता, वहिनींचं माहेर कुठलं. त्याला तिला स्वतःच्या पार्लरवर न्यायचं आहे आणि बोर्डावर तिचं नाव घालायचंय म्हणे, पूर्ण, आडनावासकट. मी त्याला भलत्याच दिशेचं हरसूल सांगितलं. हरसूलचा डोंगर चढून उतरेपर्यंत त्याची संध्याकाळ होईल. तेवढ्यात तुम्ही तिला नाशिकच्या गाडीत बसवा.

ता. क. ४: पत्र द्यायला स्टँडवर आलो. वणीच्या गाडीत हिरामण बसलेला आहे. हरसूलची थाप त्याला पटली नाही, वणी त्याला कुणीतरी सांगितलं असणार. पत्र कंडक्टरला न देता मीही चढलो. गर्दी अशी की जागा एकच होती, त्याच्या शेजारची. अक्षर हलतंय ते रस्त्यामुळे. दिंडोरी गेली. त्याने माझंही तिकीट काढलं आहे, मी नको म्हणालो नाही. आत्ता त्याने विचारलं, वहिनींना काय आवडतं रे, रिकाम्या हाताने कसं जायचं. मी खिडकीबाहेर बघतोय, दादा. मला माहीत नाही. पत्र दारातच तुमच्या हाती देतो, तुम्हाला माहीत असेल तर हळूच सांगा. फक्त मला.