काउंटरच्या अलीकडे

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे म्हणतेस, पण अक्षर तिरकं गेलंय, म्हणजे पलंगावर पडूनच लिहिलंस.

माझ्या लग्नाला सहा आठवडे उरलेत आणि घरात एकच वाद चालू आहे. लग्न बागेत, दुपारी. पेयांसाठी फिरता बार बोलवावा असं आम्ही दोघांनी ठरवलं. हल्ली गाडीतच काउंटर थाटून लोक दारात येतात. तर बाबा म्हणाले, परका माणूस कशाला, मी आहे ना! चाळीस वर्षं हॉटेलच्या बारमागे उभे राहिले, निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी रोज सकाळी घरातले ग्लास उजेडात धरून बघतात. त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे मला का ठाऊक नाही? पण आत्या, त्या दिवशी मला ते माझ्या शेजारी हवेत, काउंटरमागे नकोत. तसं सांगितलं, तर म्हणाले, नुसतं बसून हातांचं काय करू? थोरली बहीण म्हणून तूच काहीतरी कर.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

तुझा बाप माझं ऐकेल म्हणतेस? लहानपणी त्याने माझं एकदाच ऐकलं, तेही तापात. स्वतःच्या लग्नातसुद्धा नवरदेव अर्धा तास गायब होता आणि सरबताच्या टेबलामागे सापडला. तुझ्या आईने तेव्हाच कपाळाला हात लावला होता.

काल जुना अल्बम काढला. माझं लग्न, धाकटीचं, चुलतभावांची. सगळीकडे हा आहे, हसतोय, खांद्यावर फडकं, आणि कमरेखाली काउंटर. आमच्या अल्बममध्ये तुझ्या बाबांना पायच नाहीत गं! आधी हसले, मग फार वाईट वाटलं. त्याच्याइतकं मनापासून लोकांना वाढणारा माणूस मी पाहिला नाही, पण त्याला कुणी वाढलेलं मला आठवत नाही.

त्याला मनाई करू नकोस, हट्टाला पेटेल. उलट बार निवडायचं काम त्याच्यावरच सोपव. ज्याच्या हातावर त्याचा विश्वास बसेल, त्याच्याच पुढे तो बसेल. आणि हो, गाडी लहान बघ, म्हणजे आत शिरायला जागाच नको. माझा गुडघा काही मला येऊ देणार नाही. तेव्हा फोटो पाठव.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी आत्या

२६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी मात्रा लागू पडली! बाबा गिऱ्हाईक बनून तिघांकडे जाऊन आले. पहिल्याने बर्फ ग्लासनेच उपसला. काचेचा टवका बर्फात पडला तर दिसतो का, एवढंच विचारून बाबा न पिताच उठले. दुसऱ्याने बाटल्या हवेत फिरवल्या, आणि तोवर एक म्हातारे गृहस्थ काठीवर टेकून ताटकळत राहिले. बाबा म्हणाले, सर्कशीत नाव काढेल.

तिसऱ्या एक बाई. पावाची जुनी गाडी त्यांनी स्वतः कापून काउंटर केलाय. न बोलावता बाग बघायला आल्या, तेही हात हलवत, बाटल्या वगैरे काही नाही. पाच वाजता ऊन कुठे येतं, न पिणारे किती, उभं राहवत नाही असे कोण, हे विचारून सगळं लिहून घेतलं. काउंटरची एक फळी त्यांनी खाली घेतलीय, खुर्चीवरच्या माणसाशी नजरेला नजर देऊन बोलता यावं म्हणून. हाताला वेगळं फडकं, ग्लासला वेगळं. न पिणाऱ्यांचं पेयही त्याच ग्लासात, तितक्याच निगुतीने. बाबा वाकून काउंटरच्या खालीसुद्धा बघून आले आणि गप्प झाले. ते गप्प झाले की समजायचं, पैकीच्या पैकी.

मग हळूच त्यांना म्हणाले, लग्नात जास्तीचा हात लागेल का? बाई म्हणाल्या, गाडीत दोघांचीच जागा आहे, मी आणि माझे मिस्टर. बाबा फुगून घरी आले. मी त्याच दुपारी गाडी ठरवून टाकली.

त्या दिवशी ते बसतील ना गं?
तुझी,
भिंगरी

२२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला ऑर्डरी लिहिण्यापलीकडे लिहायची सवय नाही, तरी लिहितो. लग्न छान झालं. सगळे तुझी आठवण काढत होते.

लेकीने मला धरून गाडीपुढच्या स्टुलावर बसवलं. गाडीवाल्या बाईंनी विचारलं, काय घेणार? ताई, हे मी जन्मभर लोकांना विचारलं, पण मला कधी कुणी विचारलं नव्हतं. कुणाला काय लागतं ते सगळं तोंडपाठ, आणि स्वतःचं सांगता येईना. फडक्यासाठी हात खांद्यावर गेला, तर खांदा मोकळा. बाई म्हणाल्या, सावकाश सांगा, मी इथेच आहे. असं म्हणायला शिकवून येत नाही, मी अनेकांना शिकवून पाहिलंय.

तेवढ्यात लेक शेजारी येऊन बसली आणि तिनेच आम्हा दोघांसाठी आलं-लिंबू मागितलं. पहिल्याच घोटाला माझे डोळे भरून आले. आलं जरा जास्त झालंय, असं मी म्हणालो. बाईंनी नुसती मान डोलावली. गिऱ्हाईक खोटं बोललं की मान डोलवायची, ही आमच्या धंद्याची रीत. फार चांगल्या घडल्यात त्या.

फोटो सोबत आहे. आम्ही दोघं स्टुलांवर बसलोय, पाय दिसतात. बुटांना पॉलिश नाही, तेवढं पोटात घाल. चाळीस वर्षं ते कुणी बघितलेच नव्हते, त्यामुळे सुचलं नाही.

तुझा,
बाळ