त्या गाण्यातलं आईचं नाव

बाबा, आज तुमचा बेंजो पुसायला काढला. खालची दोन बटणं एकदा दाबली की दबूनच राहतात, वर येत नाहीत. तुम्ही असता तर म्हणाला असता, "राहू दे वं, थकले असन तेही." दिवसभर वर्ध्याच्या जिनिंगमध्ये राबून तुम्ही भुवयांवर कापूस घेऊन घरी यायचात. चूल मी पेटवायची, भाकरी तुम्ही थापायचात, कारण आई नव्हती. मी अगदी लहान असताना ती पटकीत गेली. फोटो नाही, लुगड्याची चिंधीसुद्धा नाही. पटकीतल्या माणसाचं सगळं जाळून टाकत.

राहिलं होतं ते एक गाणं. तुम्हीच रचलेलं, पटकीच्या देवीशी, मरीमायशी उभं भांडण मांडणारं. "मरीमाय, तुले हिरवं लुगडं नेसवलं, माह्या घरचं मानूस काऊन नेलं?" आणि त्यापुढे आईचं नाव. तिथे तुमचा आवाज फाटायचा आणि बायाबापड्या पदर डोळ्याला लावायच्या. आपल्या वस्तीत नवरा बायकोचं नाव घेत नसे. जिवंतपणी तुम्ही तिला "अवं" म्हणूनच हाक मारली असणार. नाव घेतलंत ते गाण्यात, चारचौघांत, बेंजोच्या आडून. समुद्रपूरकडची माणसं बैलगाडी पाठवायची ती त्याच गाण्यासाठी. मी तुमच्या पाठीला टेकून बसायची, आणि ते नाव कधी येतं याची वाट पाहायची.

मग आपण नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलो. घरातले देव तुम्ही धाम नदीत सोडले. माझ्या अंगात नवा पांढरा झगा, मी खुशीत. संध्याकाळी तुम्ही बेंजो मांडीवर घेतलात तशी मी म्हटलं, "बाबा, मायचं गानं म्हना."

"मरीमायले हाक मारत नाई आता आपन."

"मंग तिले काढून टाका नं गान्यातून."

तुम्ही बराच वेळ तारा पिळत बसलात. "मंग भांडू कोनासंग?"

पुन्हा ते गाणं तुम्ही म्हटलं नाहीत. गाडी आली, रिकामी परत गेली. नवी गाणी रचलीत, ताठ मानेची. ती ऐकून माणसं उठून उभी राहत. त्या दीक्षेनंच मला शाळेत बसवलं, त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. पण माझी आई मला दुसऱ्यांदा गेली, बाबा, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

तुमची छाती भरली, तुम्ही अंथरूण धरलंत. त्या दुपारी मी उशाशी बसले होते. डोळे मिटलेले, बेंजो खुंटीला, आणि तुम्ही आईला नावानं हाक मारलीत. गाणं नाही, भांडण नाही. अंगणातून हात धुताना मारावी तशी साधी हाक. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते नाव, आणि ओ द्यायला घरात मीच. मी ओ दिली.

"पानी दे वं."

मी दिलं. तुम्ही दोन घोट घेतलेत.

"पोरगी जेवली काय?"

"जेवली," मी म्हटलं. मग तुम्ही निवांत झालात, ते कायमचेच.

हा कागद कुठे धाडणार? बेंजोच्या पेटीत ठेवते. त्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात काहीच नव्हतं, बाबा.