आदर्श हिरवं स्वयंपाकघर, गल्ली नंबर चार

७ जुलै, रविवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. वाचणारं कोणी नाही, त्यामुळे सगळं खरं खरं लिहिणार.

तालुक्याच्या कचेरीने ‘हिरवी वस्ती’ स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक गल्लीने हिरवं घर, हिरवं राहणीमान यावर कार्यक्रम घ्यायचे. २८ला परीक्षण. अख्ख्या बंतुल जिल्ह्यात माझ्याइतकी तयारी कोणाची असणं शक्य नाही. एक तर मी गल्लीप्रमुख, त्यात निवृत्त भूगोल शिक्षक. आमचं विटांचं स्वयंपाकघर मी गेल्या महिन्यातच पाडलं. त्या जागी बांबूचे खांब, तट्ट्याच्या भिंती, वर झावळ्या. मागच्या मोठ्या भूकंपात विटांची घरं पडली आणि बांबूची उभी राहिली, हे बायकोला, निंगला, शंभरदा सांगितलं. ती म्हणाली, भूकंप आला की बघू, आज भात कुठे शिजवू?

आणि गेली क्लातेनला, बहिणीकडे. जाताना म्हणाली, त्या खोपटात माणसासारखा भात शिजवता येईल तेव्हा बोलवा. खोपट! सस्टेनेबल डिझाइनला खोपट!

असू दे. ठराव: तीन रविवार, तीन कार्यक्रम. २८ला अख्खी गल्ली माझ्या अंगणात. निंग ती गर्दी बघेल, तिचा ऊर भरून येईल, ती राहील. साधा हिशेब आहे.

९ जुलै.

बांबूतून पीठ पडतंय. बारीक, पिवळं, न थांबता. कीड लागली आहे. तोडलेला बांबू काही महिने नदीत बुडवून ठेवायचा असतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण परीक्षण २८ला आहे, नदीच्या सोयीने मी थोडाच थांबणार? सगळीकडे व्हिनेगरचा हात मारला. आता पीठही पडतं आणि वासही येतो.

दुपारी ताटावर छत्री धरून जेवलो. तात्पुरती सोय.

१२ जुलै.

घरोघर जाऊन आमंत्रण केलं. रविवारी, कचऱ्यापासून खत, प्रात्यक्षिक. एकूण एक घर ‘इंगिह, पाक, इंगिह’ म्हणालं, हो साहेब, हो. म्हणजे सगळे येणार. शेजारचा कासिरान तर दोनदा म्हणाला. बू तुमिरा लेकीच्या बाळंतपणाच्या गडबडीत होती, तरी फाटकाशी येऊन, हात पुसत, इंगिह. आपल्या लोकांत तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही, हा केवढा मोठा गुण आहे! उगीच वाद नाहीत.

खुर्च्या कमी पडतील अशी भीती वाटते.

१४ जुलै, रविवार. दुपार.

कासिरान आला. शिडी परत न्यायला.

बसवून घेतला त्याला. पूर्ण प्रात्यक्षिक केलं. तो शिडी धरून बसला होता आणि दर वाक्याला इंगिह म्हणत होता. शेवटी विचारलं, काही शंका? म्हणाला, पाक, बू निंग कधी येणार? मी म्हणालो, प्रश्न खताबद्दल विचार.

कारणमीमांसा: हवा फार चांगली होती. चांगल्या हवेत लोक घरी बसत नाहीत. माझ्याही अंगणात बसत नाहीत.

१५ जुलै.

निंगला फोन. कार्यक्रम उत्तम झाला असं सांगितलं. उपस्थिती निवडक होती म्हणालो. तिने विचारलं, तुमिराच्या लेकीचे दिवस भरलेत, तुम्ही डोकावलात का? कासिरानच्या आईचा गुडघा कसा आहे? पलीकडच्या म्हाताऱ्याचा खोकला थांबला का? ही बाई तासभर गल्लीची चौकशी करते आणि माझ्या छपराबद्दल एक अक्षर नाही. मी म्हणालो, पृथ्वी वाचवण्यात मला गुडघे बघायला वेळ नाही. ती ‘हं’ म्हणाली.

तिचं ‘हं’ मला आवडत नाही.

१८ जुलै. फारच वाईट दिवस.

बू तुमिरा डासांच्या अळ्या तपासायला आली. गल्लीतल्या बायकांचं हे काम मीच त्यांना लावून दिलं होतं, मोठं भाषण करून. पावसाचं पाणी साठवायचा माझा पिंप तिने उघडला. (आमच्याकडे जुलै कोरडाच, म्हणून प्रात्यक्षिकापुरता नळाने भरला होता.) टॉर्च मारला आणि म्हणाली, अगंबाई, इथे तर शाळा भरलीय! आणि लाल स्टिकर. आदर्श हिरव्या घराच्या दारावर. गल्लीत दुसऱ्या कोणाच्याही दारावर नाही.

ते एक वेळ सोसलं असतं. पण जाता जाता म्हणाली, नातू झाला हो परवा, बू निंगने फार केलं, दोन रात्री माझ्या लेकीपाशी बसली, सकाळच्या बसने परत गेली.

निंग इथे आली होती. दोन दिवस. आमच्या गल्लीत. आमच्या घरापासून ती पाच दारं पलीकडे झोपली आणि मी इथे छत्रीखाली जेवत होतो.

मी इंगिह म्हणालो आणि दार लावलं.

मागाहून विचार केला. तिला माझ्या कामात व्यत्यय आणायचा नसेल. तेच असणार.

२१ जुलै, रविवार.

दुसरा कार्यक्रम: विजेशिवाय जगणं. या वेळी मोठा बॅनर लावला, त्यावर माझा फोटो, हातात झाडू. पुन्हा घरोघर गेलो. पुन्हा सगळे इंगिह.

कोणी नाही. कासिरानसुद्धा नाही. त्याची शिडी त्याच्याकडेच आहे.

वाट बघून बघून बाहेर पडलो तर गल्लीच्या टोकाला लग्न. सगळे तिथे. पुरुष खुर्च्या मांडतायत, बायका मागे कांदे सोलतायत, ही माझी सगळी गर्दी! आमंत्रण मलाही होतं. मीही इंगिह म्हणालो होतो आणि जाणार नव्हतो, पण माझं कारण वेगळं होतं, मला काम होतं. तरी गेलो. गाणारी बाई दम घ्यायला थांबली तेव्हा माइक घेतला आणि पुढच्या रविवारचं जाहीर आमंत्रण दिलं. सौरऊर्जेवर दोन वाक्यं बोललो असेन, तेवढ्यात तिने हसत हसत माझ्या हातातून माइक काढून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे स्पष्ट नाही.

२५ जुलै.

निंगचा फोन. स्वतःहून केला! रविवारी येते म्हणाली. मी इतका खूश झालो की पुढचं नीट ऐकलं नाही, परत सांगायला लावलं. तर म्हणाली, बहिणीच्या नवऱ्याचा टेम्पो त्या बाजूला येतोय. खोपट तसंच असेल तर उरलेले कपडे आणि भाताचा टोप घेऊन त्याच टेम्पोने परत जाईन.

भाताचा टोप.

कपडे नेलेलं माणूस परत येतं. टोप नेला म्हणजे संसार नेला. एवढं मलाही कळतं. गेली बत्तीस वर्षं त्या टोपाशिवाय आमच्या घरात दिवस उजाडलेला नाही.

ठराव: रविवारी कसंही करून गर्दी जमवायची. कसंही करून. गर्दी बघितली की ती टोपाला हात लावणार नाही.

२६ जुलै.

सगळ्यांना पुन्हा मेसेज. सगळ्यांचे जोडलेले हात परत आले. त्या जोडलेल्या हातांची मला आता धडकी भरते. कासिरानला गाठलं, म्हणालो, बाबा रे, एकदा खरं सांग, रविवारी येशील? तो जमिनीकडे बघून हसला. म्हणाला, इंगिह, पाक. मी म्हणालो, तसलं इंगिह नको, दुसरं सांग! तो घाबरला बिचारा. चहा प्यायला घेऊन गेला मला. त्याच्या बायकोने भात वाढला. त्यात पीठ नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी तिखटावर ढकललं.

२७ जुलै, शनिवार. संध्याकाळ.

पडलं.

वारा नव्हता, भूकंप नव्हता. चहाचं आधण ठेवून अंगणात आलो आणि मागे सगळं हळूच खाली बसलं. कोपऱ्यातला खांब आतून पोकळ झाला होता. झावळ्या, तट्टे, खांब, सगळं शेगडीवर. नशीब, आग लागली नाही. टोप शोधला. चेपलाय, पण आहे.

निंगला कळवायचं नाही असं ठरवलं. मग फोन केला. तब्येत विचारायचं मनात होतं. तिने हॅलो म्हटलं आणि मला रडू फुटलं. या वयात. तिने रडू दिलं. मग विचारलं, तुम्हाला लागलं का कुठे? नाही म्हणालो. टोप चेपला, म्हणालो. ठेवते, म्हणाली.

संपलं. उद्या टेम्पो येईल. परीक्षक येतील. मी आणि माझा बॅनर असू.

२८ जुलै, रविवार. सकाळ.

आले! सगळे आले!!

उजाडताच फाटक वाजलं. कासिरान, शिडीसकट. मागे त्याचे भाऊ. मग गल्ली. मग पलीकडची गल्ली! बायका आपापल्या सुऱ्या आणि पाट घेऊन. जागा पुरेना अंगणात. मी म्हणत नव्हतो? बॅनरचा परिणाम सावकाश होतो. तीन आठवड्यांची जनजागृती एका सकाळी फळाला आली. फाटकाकडे पळतो, जास्त लिहीत नाही.

किरकोळ अडचण: सोबत सिमेंट आणलंय. आणि पत्रे.

२८ जुलै. दुपार.

मी पाडलेल्या जुन्या विटा मागे रचून ठेवल्या होत्या, त्याच विटा त्यांनी हातोहात पुढे आणल्या. मी म्हणालो, निदान एक भिंत तट्ट्याची ठेवू. सगळे म्हणाले, इंगिह, पाक, आणि विटा रचत राहिले. बांबू कुठे गेला बघतो तर बायकांनी त्यावर रस्सा शिजत घातलेला.

टेम्पो आला. निंग उतरली. तिने माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, लागलंय का बघतात तसं. मग पदर खोचावा तशी बाह्या वर करून सरळ बायकांत जाऊन बसली आणि कांदे सोलायला लागली. जणू सकाळपासून तिथेच होती.

परीक्षक बाई आल्या. गर्दी बघून थक्क. फोटोंवर फोटो. एवढा लोकसहभाग कुठल्याच गल्लीत नाही म्हणाल्या. हिरवं घर कुठेय विचारलं. मी म्हणालो, जुन्या विटांचा पुनर्वापर सुरू आहे. बांबूचं? जैविक इंधन म्हणून वापरात आहे. त्यांनी मान डोलावली आणि दोन वाट्या रस्सा घेतला.

२८ जुलै. संध्याकाळ.

जेवणं झाल्यावर उभा राहून भाषण केलं. माझ्या हाकेला ओ दिल्याबद्दल आभार मानले. सगळे ताटात बघायला लागले. कोणी टाळी वाजवली नाही. खाली बसलो तेव्हा कासिरान कानाशी आला. म्हणाला, पाक, रागावू नका, काल संध्याकाळी बू निंगचा फोन आला होता. सगळ्यांनाच आला होता.

गर्दी पांगल्यावर निंगला विचारलं, काय सांगितलंस त्यांना? म्हणाली, स्वयंपाकघर पडलं, या. मी म्हणालो, एवढंच? मी तीन आठवडे घसा फोडला! ती चेपलेला टोप आतून ठोकून सरळ करत होती. म्हणाली, कासिरानचा बाप गेला तेव्हा तीन दिवस त्यांच्या चुलीशी मी होते. तुमिराची लेक अडली तेव्हा मी होते. जो आपल्याकडे येतो, त्याच्याकडे लोक जातात. तुम्ही कोणाकडे गेला होतात, सांगा बरं?

मी सांगणार होतो की घरोघर गेलो होतो. आमंत्रण द्यायला. मग नाही सांगितलं.

ती राहिली. टेम्पो रिकामा गेला. राहण्याची अट एकच: यापुढे कार्यक्रम नाही. मी इंगिह म्हणणार होतो, तिने माझ्याकडे असं बघितलं की ‘हो’ म्हणालो.

२० ऑगस्ट.

निकाल लागला. लोकसहभागासाठी आमच्या गल्लीला विशेष उल्लेख. निंगला सांगितलं. म्हणाली, बरं झालं, आता चला, तुमिराच्या नातवाच्या पस्तिसाव्या दिवसाचं जेवण आहे, तुम्ही नारळ खोवा. आणि बोलू नका.

गेलो. सकाळपासून खोवत होतो. पर्यावरणाबद्दल एक शब्द काढला नाही. शेजारी तुमिराची सासू भाजी निवडत होती. पलीकडच्या गल्लीत राहते, पण गेली कित्येक वर्षं प्रत्येक कार्याला इथे असते. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मी ताठ बसलो. सहा वर्षं गल्लीप्रमुख आहे, बॅनरवर फोटोही होता, ओळखलं असणार.

मग तिने सुनेला हळूच विचारलं, हा कोण गं? तुमिरा म्हणाली, अहो आई, बू निंगचा नवरा.

म्हातारीने हातातली भाजी खाली ठेवली. म्हणाली, आहे होय नवरा? इतकी वर्षं बघते, कुठल्याही घरी एकटीच येते बिचारी. मला वाटलं, विधवा आहे.

निंगने ऐकलं. पुढचा नारळ फोडून माझ्यासमोर ठेवला.