कोबानला कडी लावणार नाही

१३ जाने. ६३, रवि.
पेपरात सोन्याचा कायदा. दागिन्यांना हात नाही. दागिना नसलेलं सोनं मात्र सरकारला कळवायचं. म्हणजे माझी पाच कोबान आलीच. शंभरावर वर्षांपूर्वीची जपानी नाणी, लांबट, पत्र्यासारखी पातळ. बोटीवरून परतणाऱ्या रेवदंड्याच्या खलाशांकडून एकेक घेत बारा वर्षं घालवली. लग्न केलं नाही, पाटल्या केल्या नाहीत, हे केलं.
दादा जेवताना म्हणाला, "आटवून माझ्या शालूच्या लग्नात घाल, कटकट मिटली." कटकट म्हणे!

१५ जाने.
वहिनीची युक्ती. प्रत्येकाला कडी जोडायची, माळेत ओवायची. झाला दागिना, कळवायला नको. "नाणी गळ्यातच घालतात, वन्सं. सासूबाईंची पुतळ्यांची माळ नव्हती का?"
होती. पण कडी म्हणजे आच, आणि आच लागली की रंग गेला. यात चांदी जवळजवळ निम्मी, वरचं पिवळेपण कारागिरांनी मुद्दाम आणलेलं. तिला समजावलं. मान हलवत होती, म्हणजे ऐकत नव्हती.

१९ जाने., शनि.
शाळेतून आले तर डबीत चारच. एक वहिनीने नमुना म्हणून अलिबागला सोनाराकडे दिलेलं! तशीच टांग्याने गेले. सोनार खुशीत. "बाई, ओरखडे फार होते. घासून काढले, आता बघा कसं चकचकीत!"
ओरखडे! टाकसाळीत छिन्नीने मारलेल्या आडव्या रेघा त्या, चटईच्या विणीसारख्या. कोबान ओळखायचं ते त्यांवरून. आता गुळगुळीत. वर कडी, कडीपाशी पांढरट डाग. त्याच्यावर ओरडू कशी, मन लावून केलं होतं बिचाऱ्याने. दुकानातच रडले. मग रडले म्हणून स्वतःचाच राग आला.

२० जाने.
वहिनीशी अबोला. दादा : "पाचातलं एक गेलं, काय बिघडलं?"
"तुझ्या पाच माडांतला एक तोडू?"
तर म्हणतो, विहिरीच्या कोनाड्यात ठेव डबी, कोण बघतंय. चोरून ठेवायला जमवली नाहीत मी.

२४ जाने.
अलिबागच्या कचेरीत फॉर्म दिला. कारकून भला. "बाई, कडीवालं दागिन्यात धरू? तेवढं तरी सुटेल."
नको म्हटलं. पाचही नाणीच. शेऱ्यात लिहिलं : आटवायची नाहीत.
"शेऱ्यात असं लिहीत नाहीत, बाई."
लिहिलंय.

३० जाने.
जेवताना वहिनीने पुन्हा लग्नातल्या माळेचा विषय काढला. शालू सगळ्यांसमोर बोलली. "मला नको ती माळ. आत्याची नाणी आहेत ती." दादा भरल्या पानावरून उठला. पोरीला आता बोलणी खावी लागणार. फार बरं वाटलं मला. तिची काळजीही.

५ फेब्रु.
कचेरीचं पत्र. "सोन्याचे तुकडे, नग पाच" घेऊन सोमवारी समक्ष हजर व्हावे. परत देणार की ठेवून घेणार, अक्षर नाही. दादा म्हणतो, सांगत होतो. सांगत होताच.
रजेचा अर्ज दिला. पाचही नेणार, ते बिघडवलेलंसुद्धा. भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू? पण ठेवून घेतलीच, तर पावतीवर तुकडे लिहू देणार नाही. कोबान लिहा, मग सही करते. नाही लिहिलं तर बसले तिथेच, कचेरी बंद करतात की मला उचलतात ते बघतेच.