वर्गाच्या वेळची मोजणी

सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
सोमवार

चिरंजीव ऋषिकेशराव यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

आपण उभयता कुशल असाल, दीपालीचा खोकला गेला असेल आणि पुण्यात पाणी वेळेवर येत असेल, असे गृहीत धरून पुढे लिहितो. (यांपैकी एखादी गोष्ट खरी नसल्यास कळवावे, गृहीतकांवर काम करणे मला आवडत नाही.) इकडे उकाडा भरपूर आहे, केळीची आवक बरी आहे आणि तुमच्या सासूबाईंची प्रकृती उत्तम आहे, माझ्याविषयीचे त्यांचे मत तेवढे उत्तम नाही. त्याचा संबंध तुमच्या यंत्राशी असल्याने सविस्तर लिहितो. (पत्र टपालाने पाठवतो आहे, कारण इंटरनेटची तक्रार इंटरनेटवरूनच करणे मला प्रशस्त वाटत नाही.) एवढे लिहीपर्यंत मी दोनदा उठून त्या यंत्राचे दिवे पाहून आलो.

दिवाळीत आपण एका जुन्या संगणकावर लिनक्स चढवून तो आमच्या इंटरनेटच्या तोंडाशी बसवून गेलात. जाताना आयपर्फ नावाचा प्रोग्रामही दाखवलात. तो आमच्या घरून तुमच्या पुण्याच्या संगणकाकडे जाईल तितका डेटा लोटतो आणि सेकंदाला किती पोचला ते सांगतो. गरज पडली तर वापरा, असे आपण म्हणालात. गरज पडली. शाळेतून निवृत्त झाल्यावर सासूबाईंनी परदेशातल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवायचे मनावर घेतले असून, संबंधित संस्थेने त्यांचे तीन चाचणी-वर्ग ठरवले आहेत. पहिल्या वर्गात चित्र क्षणभर अडकले. क्षणभरच, पण त्यांचा चेहरा उतरला, आणि मी कामाला लागलो.

आमच्या पेढीवर केळीचा ट्रक धरमकाट्यावर आधी रिकामा आणि मग भरलेला तोलल्याखेरीज कोणाचेही तोंडी वजन मी आजवर मानलेले नाही. नेट हळू आहे, हे तोंडी वजनच झाले. सबब, मोजणी आरंभली. काही सेकंदांचा नमुना कोणताही हिशेबतपासनीस मान्य करणार नाही, म्हणून तो चांगला लांबवला. एका प्रवाहाऐवजी आठ प्रवाह एकदम सोडले. आणि तक्रार वर्गाच्या वेळची असल्याने मोजणी नेमकी वर्गाच्या वेळी आपोआप सुरू होईल, अशी व्यवस्था केली. (यात तर्कदोष सापडल्यास दाखवावा.)

आकडा कमी आला. तेव्हा वाचन करून मी यंत्राचे बफर वाढवले. बफर म्हणजे माल रवाना होईपर्यंत ठेवायची वखार. वखार दुप्पट केली, आकडा चढला. चौपट केली, आणखी चढला. दुसऱ्या वर्गाच्या मधोमध ही आनंदवार्ता मी स्वतः आत जाऊन दिली. पडद्यावर एक मुलगा तोंड उघडे ठेवून थिजला होता. सासूबाई म्हणाल्या, “अहो, तुमचा आकडा वाढला आन् माझी पोरं पुतळे होऊन बसली! काय करू त्या आकड्याचं, लोणचं घालू? संस्थेच्या मॅडम बोलल्या, बस, एक मौका और!”

तेव्हापासून मला बसवत नाही. तार बदलली. यंत्र फ्रिजवर ठेवले, मग खाली उतरवले. केबलवाल्याला आकडे वाचून दाखवले. त्याने हात जोडले. (कबुली म्हणून की निरोप म्हणून, ते कळले नाही.) प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर मोजणी केली, म्हणजे आता मोजणी जवळजवळ अखंडच चालू असते. दोष सापडत नाही. शेवटचा वर्ग पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला आहे. सासूबाईंनी भाज्यांची चित्रे स्वतः रंगवली आहेत आणि आरशासमोर उभ्या राहून, वांग्याचे चित्र तोंडासमोर धरून “बोला, मी कोण?” असे विचारतात. हा वर्ग बिघडता कामा नये. तरी बफर नेमका किती ठेवावा, ते त्वरित कळवावे.

आपला,
श्रीकांत

ता. क. पत्र कालच बंद करणार होतो. आज काट्यावर एका चालकाला रागावलो. आधीचा ट्रक काट्यावरून उतरलेला नसताना हा आपली पुढची चाके वर चढवून वजन मागत होता. रागावता रागावता मध्येच थांबलो आणि घरी आलो. आपोआप सुरू होणारी मोजणीही बंद केली. व्हिडिओ स्वच्छ चालला. सासूबाईंनी विचारल्यास दोष तारेचा होता असे, या विषयातले जाणकार म्हणून, आपण सांगावे. हीच मुख्य विनंती.

पुन्हा ता. क. गुरुवारी मोजणी करणार नाही. मात्र मोजणी न केल्याने वेग नेमका किती सुधारतो, हे ठरवण्यापुरती एकच, अगदी छोटी मोजणी वर्गाच्या वेळी स्वतः यंत्रापाशी बसून घ्यावी लागेल.

जावईबापूंना मंगलाचे आशीर्वाद. पत्र टपालात टाकायला माझ्याच हाती दिलं, आन् पाकीट उघडं. तारेचं कशाला सांगता, तो डबा घुं घुं करायला लागला की पोरं थिजतात, हे मला केव्हाच दिसलंय. बंद करा म्हटलं की म्हणतात, मोजल्याशिवाय कसं कळणार? तुम्ही एक करा. गुरुवारी बरोबर दहाला यांना फोन लावा आन् म्हणा, मामा, बफर म्हणजे काय, मला नीट समजलं नाही. फोनवर बोलताना हे अंगणात फेऱ्या घालतात, तुम्ही मधे हूं हूं करत राहा. वर्ग संपला की मी चहा घेऊन अंगणात येते, तोवर फोन ठेवू देऊ नका.