बाबांच्या हिरड्या

मंगळवार, संध्याकाळ. आंग मो किओ, सिंगापूर.

बाबांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. साखर खाली आली आहे, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आणि मला आनंदाआधी लाजच वाटली.

बाबा पुण्यात एकटे असताना मी रोज फोनवर त्यांना रागवायचे. गोळ्या वेळेवर घेता, मग साखर वाढते कशी? चोरून गोड खाता ना? ते "नाही गं" म्हणायचे. मी विश्वास ठेवला नाही. का नाही ठेवला?

इथे माझ्याकडे राहायला आल्यावर त्यांचा दात हलायला लागला, म्हणून आमच्या इमारतीखालच्या दवाखान्यात नेलं. दातांच्या डॉक्टर म्हणजे साठीतल्या एक चिनी बाई. हिरड्यांतून रक्त येताना पाहून त्यांनी आधी मधुमेहाचंच विचारलं. मग मला म्हणाल्या, "हिरड्यांत जुनं इन्फेक्शन आहे. त्यानेही साखर चढते, आणि चढलेली साखर हिरड्या आणखी बिघडवते. गोळ्या चालू ठेवा, हे मी साफ करते."

चार वेळा बोलावून त्यांनी हिरड्या साफ केल्या. स्वतःच्या दातांवर ब्रश फिरवून बाबांना शिकवलं, आणि तेही किती शांतपणे. मी मात्र इतकी वर्षं बाबांच्या गोडाच्या डब्यांवरच संशय घेत राहिले. ते "नाही गं" अजून कानात आहे.

मघाशी चहा देताना म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. उगाच रागवत होते."

त्यांनी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, "असू दे. त्या निमित्ताने तुझा रोज फोन तरी यायचा."